बिऱ्हाड कोठे मांडावे?

गतवर्षी वार्षिक परीक्षा आटोपण्याच्या सुमारास इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या हाती मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी लिहिलेला अर्ज होता. परंतु तो त्यांनी टेबलावर न ठेवता घडी करून हातातच धरला होता. गृहस्थ वाळूजच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे नोकरी करून नुकतेच स्वेच्छेने निवृत्त झालेले. हाती आलेली रक्कम बँकेत ठेवून तिच्या व्याजावर संसार चालवावयाचा, तर शहरातील भाडे परवडत नाही, असा त्यांचा हिशेब होता. सिल्लोड तालुक्यात वडिलार्जित घर आहे, पैठणला सासुरवाडी आहे, आणि शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर स्वस्तात घर मिळते आहे. "सर, या तिहींपैकी कोठे जावे?" असे त्यांनी विचारले. सोबत एक कागदही आणला होता. त्यावर तीन गावांची नावे, व प्रत्येकापुढे घरभाड्याचा एकच आकडा होता.

त्या कागदाकडे पाहून आम्हांस जे सुचले, व त्यानंतर वर्षभर ज्याचा आम्ही विचार केला, ते येथे लिहीत आहोत. कारण हा प्रश्न त्या एका घराचा नव्हे. आमच्या शाळेत दरवर्षी काही मुले दाखला घेऊन जातात व काही घेऊन येतात. त्यांच्या मागे कोठे ना कोठे एखादा असाच कागद असतो.

आम्ही त्यांस प्रथम एवढेच विचारले, "आपल्या घरात कोणास कशाचा नाद आहे?" प्रश्न त्यांस चमत्कारिक वाटला असावा. थोडा वेळ थांबून ते म्हणाले की, स्वतःस बागेची आवड आहे, पण शहरात कुंड्यांपलीकडे काही जमले नाही. आईस कीर्तनाची गोडी आहे. पत्नी वाचनालयातून आठवड्यास दोन पुस्तके आणून वाचते. आणि मुलगा तबला शिकतो. चार वर्षे झाली. हे सर्व त्यांनी संकोचाने सांगितले. जणू काय पैशाच्या गोष्टीत आवडीनिवडीस जागा नाही!

वास्तविक ज्या नगरात आपण राहतो, त्याचा इतिहास पाहिला तर स्थलांतर कसे करू नये व कसे करावे, याचे दोन ठळक धडे येथेच सापडतात. येथून पंधरा किलोमीटरच्या आत देवगिरीचा किल्ला आहे. सन १३२७ मध्ये दिल्लीचा सुलतान मुहंमद बिन तुघलक याने आपली दुसरी राजधानी तेथे करण्याचे ठरविले, गावास दौलताबाद हे नाव दिले, आणि दिल्लीतील अमीर-उमराव, विद्वान व साधुपुरुष यांस तिकडे जाण्याची आज्ञा केली. नकाशावर पाहता निवड चुकीची नव्हती. राज्याच्या मध्याजवळचे ठिकाण, आणि किल्ला तर अजिंक्य. पण हुकमाने घर हलते, मन हलत नाही. थोड्याच वर्षांत राजधानी पुन्हा दिल्लीस गेली. असे असले, तरी या कथेचा एक भाग शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. आलेल्यांपैकी काही मंडळी परतली नाहीत. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब हे जवळच्या खुलताबादेस राहिले व १३३७ मध्ये तेथेच वारले. दिल्लीचे प्रसिद्ध फारसी कवी अमीर हसन सिज्झी यांची कबरही खुलताबादेसच आहे. ज्यांचे काम त्यांच्याबरोबर येऊ शकत होते, ज्यांस नवीन ठिकाणी ऐकणारे व शिकणारे मिळाले, ते टिकले. ज्यांचे सर्व काही दिल्लीच्या गल्ल्यांत व बाजारांत होते, ते कष्टी झाले.

दुसरा धडा मलिक अंबरचा. १६१० च्या सुमारास निजामशाहीच्या या वजिराने खडकी नावाच्या लहानशा गावी नगर वसविण्याचे ठरविले. हेच खडकी पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले, व २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. खडकी हे नावच सांगते की भूमी कशी होती! मलिक अंबरने येथे वाडे व मशिदी बांधल्या, पण त्याबरोबर पाण्याची सोय केली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालील भुयारांत गोळा करावयाचे, त्यास अगदी थोडा उतार देऊन शहराकडे आणावयाचे, पुढे खापरी नळांतून ते गल्लोगल्ली खेळवावयाचे, आणि वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधून नळातील दाब व हवा सांभाळावयाची, अशी ही नहर-ए-अंबरीची योजना होती. हिला ना मोट लागे, ना इंजिन. पाणी आपल्या वजनाने चालत येई. पाणचक्कीचे जाते फिरविणारे पाणीदेखील अशाच एका नहरीतून आलेले आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी सहलीस जाऊन केवळ हौदातील मासे पाहून परत येऊ नये. ते पाणी कोठून व कसे येते, हे तेथील मनुष्यास विचारावे.

मलिक अंबरने जे जाणले, ते आज घर शोधणारे पुष्कळ लोक विसरतात. आजचे शहर पाणी पिते ते पैठणच्या जायकवाडी धरणाचे. सुमारे पन्नास किलोमीटरवरून, तेही खालून वर चढवून आणलेले. धरण १९७६ मध्ये पुरे झाले. त्यानंतर शहर कित्येक पटींनी वाढले, पण नळ त्या मानाने वाढले नाहीत. सबब अनेक वसाहतींनी दिवसाआड नव्हे, तर कित्येक दिवसांच्या अंतराने नळास पाणी येण्याचा अनुभव घेतला आहे. नव्या मोठ्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. परंतु घर घेताना योजनेकडे न पाहता आज नळास केव्हा पाणी येते, हे शेजारच्या बाईंस विचारावे. घरमालकास विचारून उपयोग नाही. त्यांच्या घरी पाणी नेहमी येतच असते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. या बाबतीत आम्ही स्वतः फसलो आहो. तेव्हाच्या अहमदनगरहून आम्ही या शहरी आलो, तेव्हा प्रथम शाळेजवळ दोन खोल्यांत राहिलो. २०११ मध्ये बिऱ्हाड वाढले, म्हणून शहराबाहेर अकरा किलोमीटरवर घर घेतले. भाडे साडेपाच हजारांऐवजी तीन हजार दोनशे. म्हणजे दरमहा दोन हजार तीनशे रुपयांची बचत! पहिल्या महिन्यात आम्ही स्वतःस मोठे व्यवहारी समजत होतो. आमच्या घरी दैनंदिन हिशेबाची वही लिहिण्याची चाल आहे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस सौभाग्यवतींनी ती वही पुढे केली. जाण्यायेण्याचे पेट्रोल नऊशे रुपये. विंधनविहीर आटल्यावर टँकरचा आमचा वाटा सहाशे. मुलीच्या चित्रकलेच्या वर्गास आठवड्यातून दोनदा रिक्षा, त्याचे सातशे. म्हणजे दोन हजार दोनशे बाहेर गेले, आणि हाती उरले शंभर. त्या शंभर रुपयांसाठी आम्ही रोज एक तास रस्त्यावर घालवीत होतो. आणि पुढच्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ पडला, तेव्हा तो शंभराचा नफाही टँकरनेच नेला.

परंतु वहीत जे लिहिलेले नव्हते, ते अधिक होते. मुलगी दमून येऊ लागली, व एके दिवशी तिने चित्रकलेचा वर्ग आपण होऊन सोडला. आम्हांस त्रास होतो, हे तिने पाहिले होते. आम्हांसही तेव्हा सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करावयास हवे. आज ती मोठी झाली आहे, पण तिने पुन्हा रंग हाती घेतले नाहीत. ज्या घरामुळे हे झाले त्याचे भाडे स्वस्त होते, असे आता आमच्याने म्हणवत नाही.

येथे कोणी म्हणेल की, छंद ही पोटभरल्याची गोष्ट आहे. पैसा नसताना गाव निवडावयाचे तर छंदास कोण विचारतो? यास उत्तर म्हणून आम्ही एका थोर पुरुषाच्या आयुष्यातील प्रसंग सांगतो. त्यांचे नाव आपल्या शहरात सर्वांच्या तोंडी आहे, कारण दिल्ली दरवाजाजवळील ज्या तळ्यास पूर्वी खिजरी तलाव म्हणत, त्यास आता सलीम अली सरोवर म्हणतात. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली हे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते होते. पुढील अभ्यासासाठी ते बर्लिनला गेले व १९३० मध्ये परत आले, तो त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली! वय चौतीस, नोकरी नाही, आणि मुंबईचा खर्च दारात उभा. अशा वेळी पती-पत्नी अलिबागजवळ किहीम येथे, पत्नी तेहमीना यांच्या कुटुंबाच्या समुद्रकाठच्या घरी राहावयास गेले. भाडे नाही, गरजा थोड्या, आणि भोवती झाडी. त्या परिसरात सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात सलीम अली तासन्‌तास बसून त्यांच्याकडे पाहत राहिले.

सुगरणीचा खोपा आपण सर्वांनी पाहिला आहे, व नावावरून तो मादीच विणते असा आपला समज असतो. वस्तुतः तो विणतो नर. सलीम अलींस असे दिसले की, नर खोपा अर्धा विणून थांबतो. मग माद्या येऊन त्या अपुऱ्या घरांची पाहणी करतात. आत शिरतात, धागे ओढून पाहतात, पसंत पडले नाही तर निघून जातात. एखादीस घर आवडले की मग नर ते पुरे करतो. आणि ती अंडी उबवू लागली की हे महाशय शेजारी दुसरे घर बांधावयास लागतात! या निरीक्षणाने पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. (मादी भाडे विचारीत नाही, धागे ओढून पाहते, हे आमच्या पालकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.)

पुढे १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता. त्यानंतर काही वर्षे या दांपत्याने देहरादूनला संसार मांडला. तेथेही राहणे मुंबईच्या मानाने स्वस्त, आणि हिमालयाच्या पायथ्याची पाखरे हाकेच्या अंतरावर. १९३९ मध्ये तेहमीनाबाई वारल्या व सलीम अली मुंबईस आप्तांकडे परतले. तात्पर्य काढण्यासाठी ही कथा आम्ही सांगत नाही. किहीमला गेलेला प्रत्येक बेकार मनुष्य शास्त्रज्ञ होत नाही, आणि सासुरवाडीचे रिकामे घरही सर्वांच्या वाट्यास येत नाही. एवढेच पाहावे की, त्यांच्या कागदावर भाडे व पाखरे हे दोन्ही आकडे होते. केवळ भाडे पाहिले असते, तर स्वस्त अशी शेकडो गावे होती.

मात्र छंदासाठी गाव सोडण्यापूर्वी तो छंद आपणांस रोज लागतो, की वर्षातून दोनदा, हे प्रामाणिकपणे ठरवावे. अजिंठ्याच्या लेण्यांनी दोन परदेशी मनुष्यांस आयुष्यभर बांधून ठेवले. पहिला कॅप्टन, पुढे मेजर, रॉबर्ट गिल. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्यास भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी पाठविले. तो लेण्यांजवळील अजिंठा गावी राहिला, व वर्षानुवर्षे मोठमोठ्या पटांवर तैलरंगात नकला करीत राहिला. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळून गेल्या. तरी तो गेला नाही, पुन्हा कामास लागला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. दुसरे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर स्पिंक. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते अजिंठ्यास येत राहिले. एकेका खांबाचा, दाराच्या एकेका खाचेचा अभ्यास करून वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी ही कामे कोणत्या क्रमाने झाली असावीत, याविषयी त्यांनी अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. २०१९ मध्ये ते निवर्तले. गिलला तेथेच राहणे प्राप्त होते, कारण चित्र उतरविणे हे रोजचे काम. स्पिंक यांचे नोकरीचे गाव दूर राहूनही भागले. आपणांपैकी ज्यांस वर्षातून एकदा सह्याद्रीत गड चढावयास जाण्याची हौस आहे, त्यांनी त्यासाठी पुण्याचे भाडे बारा महिने भरण्याचे कारण नाही. एस.टी.चे तिकीट पुष्कळ स्वस्त पडते.

तर मग आपले हे शहर कोणास मानवेल? आमचे मत विचाराल तर, ज्यांस जुन्या वास्तू, लेणी व शिलालेख यांची ओढ आहे, त्यांस एवढ्या खर्चात एवढे समृद्ध गाव दुसरे मिळणे कठीण. वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा शंभराच्या आसपास. आणि विद्यापीठामागील डोंगरातील लेणी तर पायी जाऊन संध्याकाळच्या आत परत येण्याजोगी. ती पाहावयास परदेशचे लोक येतात, व आमच्या मुलांपैकी निम्म्यांनी ती पाहिलेली नसतात! पाखरांचा नाद असेल त्यास हिवाळ्यात पैठणचा नाथसागर आहे. हा जलाशय उथळ, काठ चिखलाचे, म्हणून चिखलात चोच घालून चरणारे पक्षी येथे फार. रोहित, चक्रवाक, तलवार बदक हे पाहुणे आम्ही दरवर्षी मुलांस दाखवितो. १९८६ मध्ये तेथे पक्षी अभयारण्य झाले. वाचणारास वाचनालये आहेत, मराठवाडा साहित्य परिषदेसारखी १९४३ पासून चालत आलेली संस्था आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले, आणि त्यामुळे खेड्यापाड्यांतील कित्येक घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी येथे बिऱ्हाडे केली. विद्या हाच ज्यांचा नाद, अशा माणसांनीही हे गाव वाढविले आहे. पण समुद्र, नदीतले पोहणे, थंड हवा यांची ज्यांस चटक आहे, त्यांनी येथे येऊ नये. वैशाखात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो, व खाम नदीत पोहण्याचा विचार कोणी शहाणा करणार नाही.

गायन-वादनाची गोष्ट निराळी. पाखरे सर्वांची असतात, परंतु तबल्यास गुरू लागतो. गुरूचे घर हेच अशा छंदाचे गाव. महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण मिरजेचे. तेथे सतार-तंबोरे करणाऱ्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली असून, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ हे मूळचे उत्तरेकडील कैरानाचे, पण त्यांनी घर केले ते मिरजेस. १९३७ मध्ये ते प्रवासात वारले, तेव्हा त्यांस मिरजेसच आणून दफन करण्यात आले. दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवई येऊन गातात. मुंबईहून कितीतरी लहान गाव. परंतु गाणाऱ्यास जे हवे, म्हणजे वाद्य दुरुस्त करणारा, ऐकणारा व चूक सांगणारा, ते सर्व तेथे चालत जाण्याच्या अंतरावर. पाण्याचीही कमतरता नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला पाण्याची आगगाडी गेली, ती मिरजेहूनच.

आणखी एक गोष्ट सांगणे अवघड आहे, तरी सांगतो. घराची निवड आपणच करतो असे नव्हे. कित्येकदा घरही आपली निवड करते. भाड्याने घर पाहावयास गेलो असता आमचे आडनाव विचारण्यात आले, नंतर घरी काय शिजते हे विचारण्यात आले, व दुसऱ्या दिवशी तेच घर "कालच दिले" असे कळले. असा अनुभव आमच्याप्रमाणे आमच्या अनेक मुसलमान व बौद्ध पालकांसही आला आहे. एखादी वसाहत स्वस्त असेल, सुंदर असेल. पण जेथे आपल्या मुलास शेजारच्या अंगणात खेळावयास बोलावीत नाहीत, तेथे त्याचा कोणताही छंद वाढत नाही. हा रकाना प्रत्येकाच्या कागदावर सारखा नसतो. ज्यांस तो भरावा लागत नाही, त्यांनी तो आहे एवढे तरी जाणावे.

आता त्या गृहस्थांकडे वळू. आम्ही त्यांस काही ठरवून दिले नाही. तसा आम्हांस अधिकारही नव्हता. त्यांच्याच कागदावर प्रत्येक गावापुढे आणखी काही रकाने काढून दिले. घरातील पाचही माणसांची नावे, आणि प्रत्येकाच्या आवडीस तेथे आठवड्यास किती वेळ व किती पैसा लागेल. पाणी, जाणे-येणे, दवाखाना व अनामत. त्यांनी स्वतःच्या नावापुढे चटकन लिहिले. आईच्या नावापुढे थोड्या विचाराने लिहिले. पत्नीच्या रकान्याशी ते थांबले. "हे तिलाच विचारावे लागेल," असे म्हणाले. मुलाच्या रकान्यात त्यांनी काही लिहिले नाही.

मग आम्ही सुचविले की, दाखल्याची घाई करू नये. सुट्टी लागत आहे, तर सर्वांनी एक महिना सिल्लोडकडील घरी जाऊन राहावे. पाहुण्यासारखे नव्हे, तर तेथेच कायम राहावयाचे आहे असे समजून. दिवाळीत कोणतेही गाव गोड वाटते. राहावयाचे गाव वैशाखात पाहावे, जेव्हा विहिरीचा तळ दिसतो, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही आणि वीज गेली तर केव्हा येईल ते सांगता येत नाही. ही सूचना त्यांस पटली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ते पुन्हा आले. गावी आई अगदी सुखात होती. पारावर रोज हरिपाठ, भोवती नात्याच्या बाया. स्वतः त्यांनी परसातील दगड काढून वाफे तयार केले होते. पत्नीने नेलेली चार पुस्तके दहा दिवसांत संपली, व पुढची मिळण्याचे ठिकाण चाळीस किलोमीटरच्या आत नव्हते. तरी तिने तक्रार केली नाही. तिने तक्रार केली नाही हेच आपणांस लागले, असे ते म्हणाले. आणि मुलगा? तो रोज पहाटे उठून दोन तास बसत होता. घरच्यांस वाटले, रियाज उत्तम चालला आहे. शहरात परतल्यावर त्याच्या गुरुजींनी ऐकले, आणि डाव्या हातावर बोट ठेवले. महिनाभर डग्ग्यावर मनगट चुकीचे पडत होते, व चूक सांगणारे कोणी नसल्यामुळे तीच चूक रोज दोन तास पक्की होत गेली होती. ती सुटावयास पावसाळा जाईल, असे गुरुजी म्हणाले.

त्यांनी जो मार्ग काढला तो तिहींपैकी कोणताच नव्हे. मुलाची दहावी होईपर्यंत शहरातच, गुरुजींच्या गल्लीत, पहिल्यापेक्षा लहान अशा दोन खोल्या घेतल्या. मोठ्या घरातील सामानापैकी निम्मे गावी नेऊन ठेवले. आई गावीच राहिली. ते स्वतः महिन्यातील दहा-बारा दिवस तिच्याकडे असतात. मुलगा आता शाळेस व तबल्यास पायी जातो. पैशाची ओढाताण संपलेली नाही. व्याजात खर्च बसत नाही, म्हणून त्यांनी एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले आहे. पती-पत्नींस निम्मा महिना वेगळे राहावे लागते, हेही काही लहान मोल नव्हे. दहावीनंतर काय, हे त्यांनी अद्याप ठरविलेले नाही, व कागद जपून ठेवला आहे.

दाखल्याचा अर्ज त्यांनी आमच्याकडे कधीच दिला नाही. यंदा पहिल्या पावसात गावच्या वाफ्यांत वांगी व कारली लावली आहेत. पहिली तोड झाली की शाळेत आणून देतो, असा निरोप परवा मुलाने सांगितला.